न्यायमंदिरात अभ्यासिका का नको?

मा. संपादक,
स. न.

बडोद्याचे न्यायालय २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याला हलले, तेव्हापासून त्याच्या जुन्या इमारतीचे, म्हणजे न्यायमंदिराचे, वस्तुसंग्रहालय होणार ही चर्चा आम्ही रावपुऱ्यातले लोक ऐकतो आहोत. मला वेगळेच सुचवायचे आहे, आणि ते सुचले ऑक्सफर्डमध्ये.

माझी भाची तिथल्या लिंकन कॉलेजात शिकते. तिच्याकडे गेलो तेव्हा कॉलेजची लायब्ररी दाखवते म्हणाली, आणि नेऊन उभे केले ते थेट चर्चसमोर! ऑल सेंट्स. आधीच्या चर्चचा मनोरा १७०० साली कोसळला, त्यानंतर बांधलेले. १९७१ मध्ये तिथली उपासना थांबली, शेजारच्या कॉलेजने वास्तू घेतली आणि १९७५ पासून तिथे मुले अभ्यास करतात. गंमत म्हणजे उंच खिडक्या आणि छताची नक्षी तशीच ठेवून त्यांनी जमीनच चारेक फूट वर उचलली. त्यामुळे खालीही वाचायला जागा झाली. देवळाचे कोणी असे करू म्हटले तर आपल्याकडे काय होईल, हे मनात आलेच. पण ते राहू द्या.

न्यायमंदिराला तो प्रश्नच नाही. १८९६ची ही इमारत मुळात भाजीमंडईसाठी योजली होती, असे जुनी माणसे सांगतात. मंडईचे न्यायालय झाले, मग न्यायालयाची अभ्यासिका का होऊ नये? विद्यापीठाने ती चालवायला घ्यावी. संग्रहालयात बडोदेकर एकदा जाईल. पाहुणे आले तर दुसऱ्यांदा. अभ्यासिकेत पोरे रोज येतील. आमच्या गल्लीतली मुले आज दरमहा पैसे मोजून खिडकी नसलेल्या खोल्यांत परीक्षांची तयारी करतात, आणि इथे सुरसागर तलावासमोर एवढा उजेड कुलपात पडून आहे.

वायरिंग, स्वच्छतागृहे, कबुतरांचा बंदोबस्त, यांना खर्च येईल हे कबूल. पण मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून काचेची जमीन घालणारे हे सयाजीरावांचे शहर आहे. त्याला हे जमू नये?

संग्रहालय हवेच असेल तर बाजूच्या दालनांत करा. मधला मोठा हॉल मुलांना द्या, आणि रात्री अकरापर्यंत उघडा ठेवा.

आपला,
एक वाचक, रावपुरा, बडोदे