त्या किकरला तू जे लिहिलंस त्याबद्दल

प्रिय बाळ्या,

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू नुसतं "हो पप्पा, बरं पप्पा" करतोस आणि मग आईकडं फोन दे म्हणतोस, म्हणून हे लिहायला बसलोय. उद्यमनगरातनं आत्ताच आलो, पोरं गेली, लेथ बंद करून कुलूप लावलं, जेवलो आणि आता गच्चीवर मोबाईल घेऊन बसलोय, टायपिंग मला हळूहळूच जमतं तेव्हा चुका पोटात घाल.

परवा रविवारी तुझ्या आत्याचा धाकटा जेवायला आला होता. जेवण झाल्यावर मोबाईलवर काहीतरी दाखवत बसला आणि म्हणाला मामा, दादाची कमेंट बघा, तीनशे लाइक पडलेत. त्याला वाटलं मला भारी वाटेल. गेल्या नोव्हेंबरातली होती, तुमचं ओहायो स्टेट कॉलेज अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगन कॉलेजकडनं हरल्यावर तू तुमच्याच त्या किकरच्या, म्हणजे बॉलला लाथ मारून खांबांमधनं घालणाऱ्या पोराच्या, फोटोखाली टाकलेली. इंग्लिश मला तुझ्याएवढं येत नसेल पण शिवी कळती रे. त्याच्या आईवरनं लिहिलेलं कळलं, आणि कॉलेज सोडून जा, परत तोंड दाखवू नको हेही कळलं. तुझी आई शेजारीच होती, तिला मी वाचून दाखवलं नाही.

आता मला पण ती मॅच माहिती आहे हे तू विसरू नको. ३० नोव्हेंबर २०२४, तुमच्याकडं दुपारी १२ ला सुरू झाली, इथं रात्रीचे साडेदहा. तुला तिकडं जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि तू लाल जर्सी घालून, स्टुडंट तिकिटावर त्या घोड्याच्या नालेसारख्या स्टेडियममध्ये एक लाख लोकांत बसलेलास, म्हणून मी जागा होतो. खेळ मला निम्माच कळतो, पण तुम्ही १३-१० नी हरलात आणि त्या पोराच्या दोन किका बाहेर गेल्या हे कळलं. एक किक म्हणजे तीन पॉइंट आणि हरलात तीन पॉइंटनी, म्हणजे राग त्याच्यावर निघणार हे मला गच्चीवर बसून पण दिसत होतं. मग ते मिशिगनच्या पोरांनी मधोमध झेंडा रोवायला घेतला, मारामारी झाली, पोलिसांनी डोळ्यांत जाळ करणारा स्प्रे मारला, आणि मी रात्री दोन वाजता तुला फोनवर फोन लावतोय आणि तू उचलत नाहीस. तो अर्धा तास कसा काढला माझं मला माहीत. नंतर दोन्ही कॉलेजना लाख-लाख डॉलर दंड झाला म्हणून वाचलं. त्याच अर्ध्या तासात तू कुठंतरी उभा राहून ही कमेंट टाईप करत होतास हे मला आत्ता जूनमध्ये कळतंय.

आणि ह्याहून जास्त लागलेली गोष्ट सांगतो. जानेवारीत कॉलेज फुटबॉलची फायनल झाली, नोत्र दाम कॉलेजबरोबर, अटलांटात. आपल्याकडं २१ तारखेचे पहाटेचे सहा. आई चहा करत होती, मी लिंक लावून बसलो होतो. ३१-२३ असताना, अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ राहिलेला, किक मारायला कोण आलं? तोच. आणि खांबांच्या मधनं बॉल बरोबर गेला, ३४-२३ झालं आणि विषय संपला. तू त्या किकचा व्हिडिओ स्टेटसला ठेवलेलास, वर आगीचे इमोजी आणि "आपला भाऊ". मी तेव्हा तो स्टेटस सगळ्या उद्यमनगरला दाखवला. पण मधल्या ५१ दिवसांत त्याला तू काय म्हणालास, ती कमेंट तू काढली पण नव्हतीस. तो भाऊ कधी झाला आणि आईवरनं शिवी खायच्या लायकीचा कधी होता, हे मला सांग.

एकट्या किकरचंच नाही. तुमचा तो कोच, रायन डे, त्याला पण हाकला म्हणून निम्मा गाव ओरडत होता, मिशिगनकडनं सलग चार वेळा हरला म्हणून, तू पण ओरडत होतास, फोनवर मला सांगितलेलंस की हा माणूस गेलाच पाहिजे. आणि मग त्याच माणसानं टेनेसी, ओरेगॉन, टेक्सास, नोत्र दाम असे चार ओळीनं लोळवून कप आणला. पब्लिकच्या मतानं चाललं असतं तर डिसेंबरातच त्याला घरी बसवला असता. मत असू दे की, मत असायलाच पाहिजे, आपण कोल्हापूरकर आहोत, मताशिवाय आपल्याला जेवण जात नाही. पण हरल्यापासनं दोन तासांत तयार झालेलं मत हे मत नसतं, तो नुसता जाळ असतो.

तुला हे मी कोण सांगणारा, असं वाटू शकतं, कारण शाहू स्टेडियमच्या गॅलरीत मी काय होतो ते तू तुझ्या काकाकडनं ऐकलंयस. काका अर्धंच सांगतो. उरलेलं मी आज सांगतो, तुझ्या आईला पण कधी सांगितलं नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच, समोर ईर्षेची टीम, पेठेत दोन दिवस आधीपासनं झेंडे लागलेले, हलगी, गुलाल सगळं तयार. शेवटच्या पाच मिनिटांत आपल्या गोलकिपरच्या हातातनं साधा बॉल सुटला. साधा म्हणजे एवढा साधा की शाळेतल्या पोरानं धरला असता. हरलो. गॅलरीतनं बाटल्या पडल्या, ते तर नेहमीचं होतं, पण आम्ही आठ-दहा जण तिथं थांबलो नाही, त्याच्या मागं त्याच्या गल्लीपर्यंत गेलो. तो सायकल हातात धरून चालत होता, सायकलवर बसायची पण हिंमत नव्हती त्याची, हातमोजे हँडलला अडकवलेले. आम्ही मागनं शिव्या देत होतो, माझा आवाज सगळ्यात मोठा. आणि घराच्या दारात त्याची आई उभी. हाताला भाकरीचं पीठ तसंच, तव्यावरची भाकरी टाकून आवाज ऐकून बाहेर आलेली. मी जी शिवी देत होतो ती तिच्यावरचीच होती, तिच्या तोंडासमोर माझ्या तोंडातनं ती पूर्ण बाहेर पडली, अर्ध्यात थांबवता आली नाही. तिनं काही उत्तर दिलं नाही. तिनं त्याच्या हातातली सायकल घेतली, आत नेली आणि दार लावलं.

तो पोरगा परत कधी खेळला नाही. आता कधी मार्केट यार्डात भेटतो, हसतो, पोरं काय करतात विचारतो, तू अमेरिकेला गेल्याचं त्याला माहिती आहे. मी अजून त्याला माफी मागितलेली नाही. तीस वर्षं झाली, तोंडच उघडत नाही. म्हणून तुला म्हणतो की वेळेत माग, नंतर ते जड होत जातं.

तुझं उत्तर मला माहिती आहे. जानेवारीत तू बोललाच होतास की पप्पा ही पोरं आता फुकट खेळत नाहीत, पैसे घेतात, मग ऐकून पण घेतलं पाहिजे. मान्य, २०२१ पासनं त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली, तुमच्याच कॉलेजच्या स्पोर्ट्सच्या साहेबांनी सांगितलेलं की त्या टीमवर साधारण दोन कोटी डॉलर लागले, आणि जून २०२५ मध्ये कोर्टानं परवानगी दिली की १ जुलै २०२५ पासनं कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. चांगलं झालं, माझं स्पष्ट मत आहे की त्यांना मिळायलाच पाहिजे होतं, लाख लोक तिकीट काढून येतात, टीव्हीवाले मोजतात, कोच मोजून घेतात आणि गुडघा मोडून घेणारं पोरगं तेवढं कोरडं, हा कुठला न्याय. पण माझ्याकडं पण पोरं पगार घेऊन काम करतात. जॉब बिघडला तर मी ओरडतो, मटेरियलचे पैसे गेले म्हणून कधी कधी फार ओरडतो. त्यांच्या आईवर जात नाही. पगार दिला की माणूस विकत मिळाला असं नसतंय.

आणि बेटिंगचं विचारतो, सरळ विचारतो तसं सरळ सांग. तुमच्या ओहायोत २०२३ पासनं ते कायदेशीर आहे, मोबाईलवर बसल्या बसल्या होतं. एकेका पोरावर पैसे लावायचे, हा किती यार्ड पळेल, तो किती कॅच घेईल, हे कॉलेजच्या पोरांपुरतं तुमच्या राज्यानं २०२४ ला बंद केलं, कारण पैसे बुडाले की लोक त्या पोरांनाच धमक्या द्यायचे. तुझ्या रूमवरच्या कुणाला नाद असला तर असू दे, तू त्यात नसशील एवढं मला कळू दे.

दुसरं एक डोक्यात आहे. तू मेमध्ये म्हणालास की सगळे पैसे फुटबॉलला द्यावेत, बाकीचे खेळ कोण बघतंय, बंद करा. मी त्यावेळी गप्प बसलो पण झोप आली नाही मला. तुमच्या कॉलेजात ३६ खेळ आहेत बाळ्या, मी यादी काढून बघितली. त्यात कुस्ती आहे. रायफल आहे, पिस्तूल आहे. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला रायफलमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा मिरवणुकीत तू गेला असतास, विमानाचं तिकीट होतं म्हणून हळहळलेलास, आणि तोच खेळ तुझ्या कॉलेजात आहे तर म्हणतोस कोण बघतंय? तुमच्या कॉलेजचा काइल स्नायडर शिकता शिकता २०१६ ला रिओला गेला आणि विसाव्या वर्षी कुस्तीचं गोल्ड घेऊन आला. खासबागच्या कुस्ती मैदानाशेजारी वाढलेल्या पोराला हे नाव अमेरिकेला जायच्या आधीच माहिती पाहिजे होतं.

स्टॅनफर्डनं २०२० ला ११ खेळ बंद करतो म्हणून जाहीर केलेलं, कुस्ती त्यात. तर त्यांचा शेन ग्रिफिथ म्हणून पैलवान पुढच्या मार्चमध्ये नॅशनलला उतरला, अंगात नुसता काळा कॉस्च्यूम, कॉलेजचं नाव नाही, चिन्ह नाही, आणि जिंकला. मेमध्ये कॉलेजला निर्णय मागं घ्यावा लागला, ११ च्या ११ खेळ राहिले. जुने विद्यार्थी भांडले, पैसे गोळा केले, खेळाडू कोर्टात गेले, नुसत्या कमेंटनी ते झालेलं नाही.

आणि धावपटू जेसी ओवेन्स. तुमच्या कॉलेजचाच. १९३५ च्या मेमध्ये ४५ मिनिटांत तीन वर्ल्ड रेकॉर्ड मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली, आणि कुठं माहिती आहे? अॅन आर्बरला, मिशिगनच्या मैदानावर! तुम्ही मॅचच्या आठवड्यात कँपसवरच्या सगळ्या पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल फुल्या मारत फिरता, आणि तुमच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचा सगळ्यात मोठा दिवस त्यांच्याच मातीत झाला. काळा म्हणून त्याला कँपसवर राहू पण देत नव्हते आणि स्कॉलरशिप पण नव्हती, कामं करून शिकत होता. त्याच्यासाठी कोण ओरडत होतं तेव्हा? आपल्याकडं खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले होते. मी त्याच कॉलेजात शिकलो, दोन वर्षंच शिकलो, पण त्या बिल्डिंगसमोरनं जाताना अजून आठवतं. पोरासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य पण कॉलेजच्या खेळातलाच माणूस आणि त्याच पोराला हरल्यावर शिव्या घालणारे आपण पण त्यातलेच.

ओरड तू, बाळ्या. घसा बसेपर्यंत ओरड, ओ-एच आय-ओ ही तुमची घोषणा दे, लाल रंग फास, मला सगळे व्हिडिओ पाठव, मला ते फार आवडतं, खरंच आवडतं, तुझ्या आवाजात इथली गॅलरी ऐकू येते. फक्त हरल्यावर रस्त्यावर थांबू नको आणि जिंकल्यावर तर अजिबात नको, २०१५ ला कप जिंकल्यावरच कँपसशेजारच्या हाय स्ट्रीटवर अश्रुधूर सोडावा लागला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कँपसवरच्या त्या मिरर लेक तळ्यात रात्री थंडीत उड्या मारताना एक पोरगं गेलं. ते पण कुणीतरी असंच शिकायला पाठवलेलं असेल.

ती कमेंट आज काढ. लाइक गेले तर जाऊ देत. आणि त्याला दोन ओळी लिही, इंग्लिशमध्ये तुला जमेल तसं, की मी त्या दिवशी हे लिहिलं होतं आणि ते चूक होतं. त्याला हजार मेसेज येत असतील, तो वाचणार पण नाही कदाचित, तरी लिही.

कुस्तीचा सीझन नोव्हेंबरात सुरू होतो. तुमच्या कुस्त्या होतात त्या कोवेली सेंटरला जा आणि पहिल्या कुस्तीचा व्हिडिओ पाठव, मागं बोलू नको, मला पकडी बघायच्या आहेत. आईनं तांबडी चटणी आणि शेंगदाण्याची पोळी पार्सलला टाकली आहे, आठ दिवसांत येईल, रूमवरच्या पोरांना पण दे.

तुझे पप्पा