कान्हकाठची माती आणि झाडांचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२१ साली इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणारं) शहर ठरलं. कान्ह (आपल्या तोंडी अजून खानच) नदीत पडणारे नाले अडवले, हे चांगलंच झालं. पण पाणी सुधारलं म्हणून माती सुधारत नाही. सांवेरच्या बाजूला ज्या शेतांनी वर्षानुवर्षं हे पाणी प्यायलं, तिथं उतरलेलं कॅडमियम, शिसं हे विषारी धातू; ते कुजत नाही की उडून जात नाही. ‘झाडं लावा, ती धातू शोषून घेतील’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. त्याचा हिशेब मांडून बघा.

एक हेक्टर शेताचा वरचा १५ सेंमी थर सुमारे २,००० टन भरतो. किलोमागे ३ मिग्रॅ कॅडमियम १ वर आणायचं तर ४ किलो धातू बाहेर काढावा लागेल. झाडांचं वाळलेलं वजन हेक्टरी वर्षाला १० टन आणि त्यात किलोला १० मिग्रॅ कॅडमियम धरलं, तर निघालं १०० ग्रॅम. म्हणजे ४० वर्षं! तीही पाला गोळा केला तर. पॉपलर, विलोच्या खोडापेक्षा पानांत कॅडमियम जास्त, ते पानगळीत परत शेतात. शिसं तर मुळांच्या वर फारसं चढतच नाही. ते चढावं म्हणून ईडीटीए (मातीतला धातू सुटा करणारं रसायन) ओतायला कुणी सांगितलं तर साफ नकार द्यावा, सुटं झालेलं शिसं विहिरीकडेही उतरतं.

काळ्या मातीत धातू काढण्यापेक्षा तो पिकाच्या हाती लागू नये असा मातीतच बांधून ठेवणं जमण्यासारखं आहे. पण पुस्तकी उपाय इथं फसतात. चुना आम्ल मातीसाठी. आपला सामू (पीएच) आधीच ८ च्या आसपास. झाबुआचा रॉक फॉस्फेटही या सामूला विरघळत नाही, नुसता पडून राहतो. कामाला येतं ते पूर्ण कुजलेलं शेणखत, हेक्टरी १५ ते २० टन, आणि तुराट्यांचा बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा), ५ ते १० टन. बायोचार ओला करून शेणखतात मुरवावा, कोरडा वाऱ्यानं उडतो. वाफसा असताना रोटाव्हेटरनं १५ सेंमीपर्यंत मिसळावा. मे महिन्यात भेगाळलेल्या रानावर पसरला, तर पहिल्या सरीबरोबर भेगांत गडप.

शहरी कंपोस्ट घेताना तपासणीचा कागद मागावाच. खत नियंत्रण आदेशात कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिग्रॅ आहे. त्या मर्यादेवरचं २० टन खत म्हणजे १०० ग्रॅम कॅडमियम: झाडांनी वर्षभर काढलं तेवढं एका फेरीत परत.

जस्त कमी पडलं की मुळं कॅडमियम जास्त ओढतात, म्हणून जस्ताची कमतरता दिसली तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावं. पोटॅश द्यायचंच तर म्युरिएट (म्हणजे क्लोराइडचं) नको, सल्फेटचं द्यावं. क्लोराइडच्या संगतीनं कॅडमियम मातीत सुटं होतं.

मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ तपासण्यांत कॅडमियम आणि शिसं नाहीत. त्यांची एकूण आणि डीटीपीए (पिकाला उचलता येईल तेवढा धातू मोजणारी) अशी दोन्ही तपासणी वेगळी सांगावी लागते. नमुना लाकडी किंवा प्लास्टिकच्या साधनानं घ्यावा. जस्ताच्या बादलीत कालवला तर जस्ताचा आकडा खोटा चढतो. खत-बायोचारनंतर एकूण आकडा तोच राहील, उतरायला हवा तो डीटीपीएचा. खरा निकाल मात्र पालकाच्या पानात लागतो. पान घरी धुतो तसं धुऊन द्यावं, नाहीतर धुळीतलं शिसंही मोजलं जातं. ओल्या पालेभाजीत कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोला कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिग्रॅ आहे.

पान नापास झालं तर पालक, मेथी बंद. भेंडी, गवार लावून त्यांची तपासणी करावी, कारण फळांत धातू सहसा कमी पोहोचतो. तीही नापास झाली तर मग झाडांची पाळी: कटंग बांबू ५ × ५ मीटरवर, हेक्टरी ४००, आणि नदीच्या कडेनं वाळ्याची दाट रांग, म्हणजे माती वाहून जात नाही. तिथलं लाकूड चुलीत घालू नये, राखेत धातू साठतो आणि राख शेवटी शेतातच जाते. तेलासाठी गवती चहाही चालेल, ऊर्ध्वपातनात धातू तेलाबरोबर येत नाही. त्याची पात मात्र घरच्या चहात पडू देऊ नये.

– मृदाशास्त्राचे काही अभ्यासक, इंदूर