वेलगुलाब विकताना जात सांगा

संपादक महोदय,

पावसाळा लागला की आपल्याकडचे गुलाब काळ्या ठिपक्यांच्या रोगाने बोडके होतात आणि लोक बुरशीनाशकं फवारत बसतात. त्यापेक्षा जातच काटक लावावी. फिकट गुलाबी ‘न्यू डॉन’ हा तसा वेलगुलाब. 1931 साली अमेरिकेतलं वनस्पतीचं पहिलं पेटंट त्यालाच मिळालं. त्याच्या फांद्या मी कुंपणावर आडव्या बांधते. उभ्या वाढू दिल्या तर फुलं शेंड्यालाच येतात. आडव्या फांदीवर डोळ्याडोळ्यातून फुटवा निघतो. आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून वाफा उंच हवा. पाणी बुंध्याशी द्यावं, पानांवर अजिबात नको. रोपवाटिकांत मात्र ‘क्लाइंबर, गुलाबी’ एवढंच सांगतात. रोपवाटिकाचालकांनी प्रत्येक रोपाला जातीची चिठ्ठी लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर