नंबर कितवा आला, ते विचारू नकोस

लातूर,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "नंबर कितवा आला?" मी म्हटलं, सायकलच्या ब्रेव्हेत नंबर नसतो. तर खो खो हसलास आणि "मग कशाला मरायलास बे?" म्हणून फोन ठेवलास. आज रविवार, मार्केट यार्ड बंद. सवडीनं लिहितो, नीट वाच.

आधी नियम सांगतो. ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलवर संपवायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला, दोघांना मान सारखाच. सोबत गाडी चालत नाही. पंक्चर आपणच काढायचं, पोटाचंही आपणच बघायचं. वाटेत कंट्रोल, म्हणजे तपासणीचे थांबे लागतात, तिथं कार्डावर शिक्का. जिथं माणूस बसवलेला नसतो तिथं एटीएमची पावती चालते. शंभर रुपये काढायचे, पावतीवरची वेळ हाच पुरावा. बँकेचा मेसेज बघून बायको म्हणाली, "रात्री अडीचला पाटसला शंभर रुपये कशाला लागले?" आता काय सांगणार! १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असं त्यांचं वर्ष धरतात. त्यात हे चारही टप्पे झाले की 'सुपर रांदोनर' म्हणतात. तो मी यंदा झालो. फुशारकी इथं संपली.

सराव काय केला म्हणशील तर बहुतेक हळूच चालवली. सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच श्वासात. सुरुवातीला वाटायचं, दम लागला नाही म्हणजे काही झालंच नाही. पण लांबच्या अंतराला हाच पाया लागतो. हृदय आणि स्नायू त्यातच तयार होतात आणि दुसऱ्या दिवशी शेतमालाच्या आडतीवर उभंही राहता येतं. आठवड्यातून एकदा मात्र जोर. आपलं लातूर पडलं पठारावर, चढ शोधत हिंडावं लागतं. सुट्टी मिळाली की सायकल गाडीत टाकून येडशीचा घाट, नाहीतर परळीहून अंबाजोगाईला वर चढायचं. एरवी औसा रोड आहेच. कडेला वेडी बाभळ, तिचे काटे वाऱ्यानं डांबरावर येतात. माझ्या ट्यूबवर आता मूळ रबर किती आणि ठिगळं किती, हा वादाचा विषय आहे.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा ४२ च्या पुढं. तीनला उठायचं, आठच्या आत घरी. आपल्या कोरड्या उन्हाची एक लबाडी आहे. मुंबईत घामानं शर्ट भिजतो म्हणून कळतं तरी. इथं घाम जागच्या जागी उडून जातो आणि शर्टावर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेघा राहतात. किती पाणी गेलं याचा अंदाजच येत नाही. म्हणून यार्डातल्या काट्यावर स्वतःला तोलायला लागलो, जाण्याआधी आणि आल्यावर. किलोभर वजन उतरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. हमाल म्हणायचे, "मालक, कट्टी (म्हणजे पोतं) कितीची भरली?" आणि नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, उलट रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस गरगरतो. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे शाळेत भिंतीवर लिहिलेलं असायचं बघ, तेच वापरतो.

खाण्याचं म्हणशील तर एनर्जी जेलची ती परदेशी पाकिटं मला मानवली नाहीत. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत असं सांगतात. मग खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि आईच्या हातचे धपाटे. धपाटे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि गोड खाऊन खाऊन जीभ विटली की त्यांच्यासारखं काही नाही. ३०० ला एका पुणेकरानं माझ्याकडचा धपाटा खाल्ला आणि त्याच्याकडची दोन जेलं देऊ केली. सौदा मोडला!

पण ६०० नं मला जे शिकवलं ते निराळंच होतं. जुलैच्या शेवटी पुण्याहून निघालो. पहिला दिवस आणि पहिली रात्र पायांवर निघते. दुसऱ्या रात्री पाय बाजूला राहतात, सगळा कारभार झोपेकडे जातो. रस्त्याकडेचे मैलाचे दगड बसलेली माणसं वाटायला लागली. एका दगडाला मी हात दाखवून "रामराम" केलेला मला चक्क आठवतोय. ढाब्यावर बाजेवर तासभर आडवा झालो, गजर लावून. उठलो तेव्हा मालक शेजारी उभा, चहाचा कप घेऊन. त्यानं पैसे घेतले नाहीत आणि कुठं चाललो हेही विचारलं नाही. उजव्या हाताची करंगळी मात्र पुढं पंधरा दिवस बधीर होती. हँडलवर तळहाताचा दाब पडून तिथली शीर दबते, म्हणून आता सारखी पकड बदलतो.

मग सप्टेंबर आला. तू टीव्हीवर बघितलंसच. मांजरा, तेरणा, सीना, सगळ्याच दुथडी. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. पार दिवाळीपर्यंत यार्डात जो माल आला तो बघवत नव्हता: काळा पडलेला, डागी, मूठ दाबली तर ओल लागणारा. सरकारचा हमीभाव ५३२८ रुपये, पण खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. बारा कुठून आणायचा? काट्यावर उभं राहून हिशेबाची पट्टी लिहिताना शेतकऱ्याकडं मान वर करून बघायची हिंमत होत नव्हती. तेव्हा सायकल भिंतीला टेकलेली होती आणि तिच्याकडं बघून मला थोडी लाजच वाटायची. हौस म्हणजे पोट भरलेल्याचं काम, हे खरंच आहे.

कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर देवीला चालत जाणाऱ्यांना फराळ वाटायला आम्ही आडतवाले दरवर्षी जातो, तसे यंदाही गेलो. वाटलं होतं, यंदा कोण चालत येतंय. तर रस्ता भरलेला! शेत वाहून गेलेली माणसं, बायका, म्हातारी, अनवाणी. त्यातल्या एका आजीला विचारलं, किती लांबून आलात? म्हणाली, "लांब काय त्यात, दरसाल येतोय." विन्या, तुझ्या 'कशाला मरायलास' चं उत्तर मला तिथं अर्धंमुर्धं मिळालं. तिलाही कुणी नंबर विचारत नाही. दुसऱ्या दिवशी मी टायरमध्ये हवा भरली.

आता पुढचं: पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस. पॅरिसहून निघून अटलांटिकच्या काठच्या ब्रेस्तला शिवून परत यायचं, १२०० किलोमीटर, ९० तास. १८९१ साली ही पहिल्यांदा झाली, तेव्हा शर्यत होती. शार्ल तेराँ नावाचा गडी ७१ तास २२ मिनिटांत परत आला. आता दर चार वर्षांनी होते, गेली २०२३ ला झाली, पुढची २०२७ च्या ऑगस्टात. मोठा डोंगर एकही नाही, पण सारखं चढ-उतार, बेरीज अकरा-बारा हजार मीटर. गावोगावी लोक दारापुढं टेबल मांडून रात्रभर कॉफी-पाणी देतात म्हणे. आपल्या तुळजापूरच्या वाटेसारखंच झालं की.

नावनोंदणीची आजवरची रीत अशी की आदल्या वर्षी ज्याचं ब्रेव्हे लांबचं, त्याला दार आधी उघडतं. म्हणून २०२६ मध्ये १००० करायचं आहे, ७५ तासांत. आणि २०२७ मध्ये २०० ते ६०० सगळं पुन्हा नव्यानं. मला भीती चढाची नाही, थंडीची आहे. तिकडं ऑगस्टातही रात्री गारठा असतो. म्हणून डिसेंबरात रात्री दहाला निघून उजाडेपर्यंत चालवायचं ठरवलंय. विमान, व्हिसा, सायकलची पेटी, या खर्चाचं अजून घरी पूर्ण बोललो नाही. बायकोला अंदाज आहे, ती मी बोलायची वाट बघतेय.

पुतण्या विचारतो, "काका, तुम्ही अविनाश साबळेसारखं टीव्हीवर कधी येणार?" बाबा रे, तो आष्टीच्या मांडव्याचा पोरगा, शाळेसाठी सहा किलोमीटर चाललेला-पळालेला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये अडथळ्यांच्या शर्यतीतलं त्याचं सुवर्ण पाच शतांश सेकंदानं हुकलं. त्याचा हिशेब शतांशाचा, माझा चाळीस तासांचा. मला वेळेत घरी पोचायचं असतं, एवढंच.

तर काम असं: जानेवारीत ३०० पुण्याहून आहे, शनिवारी पहाटे सुटते. शुक्रवारी रात्री तुझ्याकडे मुक्काम. सायकल जिन्यात ठेवणार नाही, घरात लागेल. वहिनींना सांग, रात्री वरण-भात पुरे, तिखट काही नको, आणि साडेतीनला स्वयंपाकघरात खुडबुड झाली तर घाबरू नका. धपाटे मी आणतोय, तुझ्यासाठी वेगळे. परतीला रात्री अकरा वाजतील. तेवढं दार उघडायला जागा राहा.

तुझा,
दत्ता