चार जणांच्या आर्केड पॅनलसाठी मनापासून आभार

जळगावचे फर्निचरवाले काका, तुम्ही नसते तर माझं पॅनल, म्हणजे व्हिडिओ गेमची बटणं अन् जॉयस्टिक बसवायची फळी, अजून पुठ्ठ्यावरच असतं. १८ मिमी प्लायमधे ३० मिमीची क्लिपवाली बटणं धरतच नव्हती, तुम्ही खालून राउटर (लाकूड कोरायचं मशीन) फिरवून लाकूड पातळ केलं, भोकांच्या कडा बोटाने चाचपून परत पॉलिश पेपर मारला आणि पैसे विचारले तर चहा पाजला! भुसावळचे दादा, तिसऱ्या प्लेअरपासून पुढची सगळी बटणं मधेच बंद पडायची, एका बटणावरून पुढच्या बटणाकडे जाणाऱ्या ग्राउंड वायरच्या माळेतला कच्चा डाग (सोल्डरचा सैल जोड) तुम्ही मल्टिमीटरने लगेच पकडलात. आणि गल्लीतली पोरं, एकमेकांची कोपरं लागतात म्हणाली म्हणून प्लेअरमधलं अंतर वाढवलं, जॉयस्टिक मात्र सरळच ठेवल्या, तिरप्या लावल्या की दिशा चुकतात. रविवारी सगळे या, भरीत अन् कळण्याची भाकरी आहे, पहिला गेम काकांचा.