‘टेन्शन घेता का?’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

माझ्या दुसऱ्या आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराच्या) वेळी पिकअपमध्ये, म्हणजे बीजकोषातून अंडी बाहेर काढताना, चार अंडी मिळाली आणि त्यातली दोनच पक्व निघाली. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी फाइल मिटता मिटता विचारलं, “एग क्वालिटी बरी नाही. टेन्शन फार घेता का?” संगमनेरच्या एस.टी.त बसल्यावर मी मागचे सहा महिने आठवायला लागले. कधी रडले, सासूबाईंशी बोलताना कधी आवाज चढला, मार्चएंडला किती दिवस बँकेत रात्री नऊपर्यंत थांबले. माझी अंडी मीच खराब केली, हा हिशेब सिन्नर यायच्या आत पूर्ण झाला होता.

तो हिशेब चुकीचा होता, हे कळायला मला दोन वर्षं लागली. दरवर्षी आपल्या राज्यातल्या कितीतरी बाया असाच हिशेब मांडत घरी जातात, म्हणून हे पत्र.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या अधिवृक्क ग्रंथी असतात. ताणात वाढणारी कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन, तसंच डीएचईए, ही संप्रेरकं तिथे तयार होतात. ताण फार तीव्र असेल, महिनोन्‌महिने चालला असेल, त्यात उपासमार किंवा अतिव्यायामाची भर पडली असेल, तर मेंदूकडून बीजकोषाला जाणारा इशारा मंदावतो आणि पाळी थांबूही शकते. हे खरं आहे. पण आयव्हीएफमध्ये तो इशारा आपण बाहेरून, इंजेक्शनने देतो. शाळेच्या डब्याच्या पिशवीत बर्फाच्या पाकिटाशेजारी ठेवून मी घरी आणायचे ती इंजेक्शनं त्याचसाठी होती. शिवाय अंड्याभोवतीच्या द्रवात कॉर्टिसॉल मुळातच असतं आणि अंडं बाहेर पडायच्या सुमारास ते वाढतं. शरीर ते कामाला लावतं. अंड्याची प्रत सगळ्यांत जास्त ठरते ती वयावर, कारण वयाबरोबर गुणसूत्रांची वाटणी चुकत जाते. सदतिसाव्या वर्षी मला हे कोणी नीट सांगितलं असतं, तर वाईट वाटलं असतं, पण लाज वाटली नसती.

२०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. उपचाराआधी मनावर असलेल्या ताणाचा त्या फेरीत गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध आढळला नाही. उलट बाजूही सांगते. २०१४ साली अमेरिकेतल्या ५०१ जोडप्यांच्या पाहणीत, लाळेतलं अल्फा-अमायलेज हे ताणाचं एक मोजमाप जास्त असलेल्या बायकांना नैसर्गिकरीत्या दिवस राहायला जास्त वेळ लागला. त्याच पाहणीत कॉर्टिसॉलचा मात्र संबंध दिसला नाही. शास्त्र अजून इथवरच पोचलं आहे. त्यावरून कोणाही बाईला ‘तुझ्या टेन्शनमुळे’ असं सांगता येत नाही.

सांगितलं जातं, आणि त्यापाठोपाठ चिठ्ठीही लिहिली जाते. अंडी सुधारावीत म्हणून मला डीएचईएच्या गोळ्या दिल्या होत्या, दिवसाला ७५ मिलिग्रॅम, तीन महिने. हनुवटीवर पुरळ आलं, केस गळायला लागले. युरोपातल्या प्रजनन-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत, कमी अंडी मिळणाऱ्या स्त्रियांना हे औषध देण्याची शिफारस केलेली नाही. दुसरीकडे, पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोषाचा विकार) म्हणून वर्षानुवर्षं औषधं घेणाऱ्या काही जणींचा खरा आजार अधिवृक्क ग्रंथींचा असतो. त्यांच्यासाठी १७-ओएच प्रोजेस्टेरॉन नावाची साधी रक्ततपासणी आहे. ती राहून जाते आणि गोळ्या तेवढ्या चालू राहतात, याचा मला फार राग येतो.

ताणाचा खरा फटका वेगळीकडेच बसतो. तो सोसवत नाही म्हणून जोडपी उपचार अर्धवट सोडतात. विमा सगळा खर्च देतो अशा देशांतही हे दिसलं आहे, आणि आपल्याकडे तर बहुतेक विमा पॉलिसींत वंध्यत्वाचा उपचार बसतच नाही.

२०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याच्या कलम २१ प्रमाणे व्यावसायिक समुपदेशन देणं, यशाची शक्यता, खर्च, धोके समजावून सांगणं हे दवाखान्याचं कर्तव्य आहे. माझं समुपदेशन असं झालं : काउन्सेलर म्हणून ज्या ताई भेटल्या, त्यांनी दोन पॅकेजं समजावली, हप्त्यांचा तक्ता दाखवला आणि काउंटरवर इंग्रजी फॉर्मांचा गठ्ठा सरकवला. प्रत्येक पानावर पेन्सिलने फुली केली होती, तिथे आम्ही दोघांनी सह्या केल्या. मागे रांग होती. दहा मिनिटं लागली असतील. त्या ताईंचा दोष नाही, त्यांना तेवढंच काम दिलं होतं.

साहेब, राज्याच्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान व सरोगसी मंडळाचे आपण पदसिद्ध अध्यक्ष आहात. मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा की पॅकेज विकणारी व्यक्ती आणि समुपदेशक एकच नसेल, सह्यांच्या आधी किमान एक पूर्ण भेट मराठीत होईल, आणि पिकअप किंवा बीटा रिपोर्ट (गर्भ राहिला का, याची रक्ततपासणी) वाईट आल्यावर दुसरी भेट पैसे न घेता मिळेल. त्या दुसऱ्या भेटीची मला सगळ्यांत जास्त गरज होती. त्याबरोबर मंडळाच्या नावाने एक मराठी पत्रक छापा : ताण, कॉर्टिसॉल, डीएचईए यांबद्दल काय सिद्ध झालंय आणि काय नाही. तपासणीला येणारे अधिकारी सोनोग्राफी मशिनचे कागद बघतात, तसंच हे पत्रक बाईच्या हातात पडलं का, हेही तिलाच विचारू द्या.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत पालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून शास्त्रीय नोंद असलेली देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सार्वजनिक दवाखान्याने तेव्हा देशाला वाट दाखवली होती, म्हणून आपल्याकडे मागायला संकोच वाटत नाही.

आम्ही आता थांबलो आहोत. माझी चुलतबहीण पुढच्या महिन्यात पहिल्या फेरीला बसते आहे, त्याच नाशिकच्या रस्त्याने. ती जाईल तेव्हा ते पत्रक तिथे असावं, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
संगमनेरची एक बँक कर्मचारी