पाणीपातळीचा आलेख आणि दोन नोंदींमधले पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात नदी-नाल्यांच्या पाणीपातळीचे जे आलेख छापून येतात, त्यांत मोजणीचे मोजके बिंदू गुळगुळीत वळणाने जोडलेले असतात. आमच्या बाभुळगाव तालुक्यातला नाला असा चढत नाही. जोराचा पाऊस झाला की तो बघता बघता पुलाला लागतो, थोडा ओसरतो, वरच्या शिवारातले पाणी पोहोचले की पुन्हा फुगतो. आणि सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचणाऱ्याच्या वहीत यातले काहीच उतरत नाही.

अशा खडबडीत आकड्यांसाठी गणितज्ञ मायकेल बार्न्सले यांनी १९८६ मध्ये फ्रॅक्टल अंतर्वेशनाची, म्हणजे तुकडा पूर्णासारखाच दिसणाऱ्या वक्राने मोजलेल्या बिंदूंमधली जागा भरण्याची, रीत मांडली. तिच्यात वक्र प्रत्येक नोंदीतून जातोच, पण लगतच्या दोन नोंदींमधला तुकडा हा संपूर्ण वक्राचीच आक्रसलेली, थोडी तिरपी केलेली प्रत असतो. आडवे किती आक्रसायचे हे नोंदींमधील अंतर ठरवते. उभे किती आक्रसायचे हे सांगणारा उभा गुणक मात्र प्रत्येक तुकड्यासाठी आपण निवडायचा, तो उणे १ आणि १ यांच्या दरम्यान. सर्व गुणक शून्य ठेवले तर सरळ रेषांनी जोडलेला नेहमीचा आलेख मिळतो. एका रेषेत नसलेले, समान अंतरावरचे पाच बिंदू घेऊन चारही तुकड्यांचा गुणक ०.३ ठेवला तर वक्राची फ्रॅक्टल मिती, म्हणजे त्याच्या खडबडीतपणाचे माप, सुमारे १.१३ येते, ०.५ ठेवला तर १.५, बिंदू तेच, वक्र मात्र अगदी वेगळे.

खरी जोखीम इथेच आहे. मनाला येईल तो गुणक धरून काढलेला वक्र खऱ्या नाल्यासारखा दिसेल, पण त्यावरचे एखादे टोक म्हणजे पूर आल्याची वेळ असे कोणी वाचू नये. न मोजलेले पाणी कोणतीही रीत मोजून देत नाही. म्हणून एखाद्या नाल्यावर एक पावसाळाभर दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यावी, गुणक तिच्यावरून ठरवावा, आणि काही नोंदी मुद्दाम बाजूला ठेवून वक्राचा चढउतार त्यांच्याशी जुळतो का ते पाहावे. पावसाळा आणि उन्हाळा एकाच वक्रात कोंबू नयेत, कारण तुकडा पूर्णासारखा असतो हे गृहीतक तिथे टिकत नाही.

हे गणित साध्या संगणकावर होते. ग्रामीण महाविद्यालयांच्या गणित विभागांनी बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ते जरूर घ्यावे. आपणही आलेख छापताना मोजलेले बिंदू ठळक आणि जोडरेषा फिकट ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
ता. बाभुळगाव, जि. यवतमाळ